नवरा डायलिसिसवर, प्रार्थनेला बसलं की राग येतो: मी देवाशी बेइमान झाले का?

ताई, सलाम.

तुमचं म्हणणं मला जसं समजलं तसं आधी सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे यजमान ४१ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. कारखान्यातली नोकरी गेली, घर तुमच्या शिलाई मशीनवर चाललंय. तीन वर्षं तुम्ही उपास-प्रार्थना केल्यात, साखळी प्रार्थना लावल्यात. चर्चच्या मंडळीतल्या एका बहिणीनं सांगितलं की घरात कुणाचं तरी पाप लपलेलं असेल, नाहीतर तुमचा विश्वास कमी पडतोय. आता गुडघे टेकले की देवाचा राग येतो, म्हणून महिन्याभरापासून तुम्ही प्रार्थनाच बंद केलीत. दहा वर्षांचा मुलगा विचारतो, "देव पप्पांना बरं का करत नाही?" आणि तुम्ही विचारताय, मी बेइमान झाले का, आणि आशा आणू कुठून?

मी चर्चचा पाळक आहे, आता निवृत्त. सेवेच्या सव्वीस वर्षांपैकी अठरा वर्षं एका मिशन हॉस्पिटलात चॅप्लिन, म्हणजे रुग्णांसाठीचा पाळक होतो, त्यामुळे डायलिसिसच्या खोलीत बराच बसलोय. चार चार तास मशीनची घरघर ऐकत बसलेल्या माणसाशी काय बोलावं आणि काय बोलू नये, हे मला तिथं शिकावं लागलं. पुष्कळदा चुकून शिकलो.

बेइमान झाला नाहीत, ताई. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको.

मला वाटतं तुमची अडचण विश्वास आटल्याची नाहीच. आटला असता तर राग आला असता कुणाचा? आपण रुसतो ते ज्याच्याकडून काही अपेक्षा असते त्याच्यावर. देवापुढे काय बोलायचं याची एक यादी लहानपणापासून आपल्या हातात दिलेली असते: स्तुती, उपकारस्तुती, पापांची कबुली, विनंती. संडे स्कूलमध्ये आपण ती पाठ करतो. तक्रार त्या यादीत नसते. मग आयुष्यात अशी वेळ येते की तोंडात तक्रारीशिवाय काही नसतं, आणि आपल्याला वाटतं आता बोलण्यासारखं काही उरलं नाही, गप्प बसलेलं बरं. तुमच्या महिन्याभराच्या गप्प बसण्याचं मूळ मला इथं दिसतं.

पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, यादी मात्र बरीच मोठी आहे. त्यातल्या स्तोत्रसंहितेच्या दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. तेरावं उघडून बघा, पहिल्याच ओळीत दावीद देवाला विचारतो, किती वेळ मला विसरणार आहेस? चव्वेचाळिसावं तर देवाला झोपेतून उठ म्हणतं. आणि अठ्ठ्याऐंशीवं. बहुतेक गाऱ्हाणी शेवटाकडे वळण घेतात, "तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन" अशा काही शब्दांनी सावरतात. अठ्ठ्याऐंशीवं सावरत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. ज्यांनी स्तोत्रसंहिता जमवली त्यांना हे काढून टाकता आलं असतं, किंवा शेवटी एखादी बरी ओळ जोडता आली असती. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि उपासनेत म्हटलं. एका गोष्टीकडे लक्ष द्या: त्या स्तोत्रातला माणूस अंधारात बसून देवाशीच बोलतोय. देवाबद्दल शेजाऱ्याशी बोलत नाही. मला निष्ठेची याहून खरी खूण सापडलेली नाही.

आपला प्रभू वधस्तंभावर जे बोलला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", तेही त्याचं स्वतःचं नवं वाक्य नव्हतं. ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मरणाच्या वेळी त्यानं आपल्या लोकांच्या प्रार्थनेच्या पुस्तकातलं गाऱ्हाणं उचललं. त्याला जे बोलता आलं ते तुम्हाला बोलता येऊ नये, असं कोण म्हणेल?

आता त्या बहिणीबद्दल. तिचा हेतू वाईट नसेल. दुसऱ्याच्या दुःखाला कारण सापडलं की आपल्या घराला कुंपण घातल्यासारखं वाटतं. त्यांचं अमुक चुकलं म्हणून त्यांना झालं, आपण चुकत नाही म्हणून आपल्याला होणार नाही. शास्त्रात ईयोब नावाच्या भल्या माणसावर संकटांमागून संकटं कोसळतात, त्याचे मित्र अगदी अशीच माणसं होती. त्यांची एक गोष्ट मात्र चांगली होती आणि ती आपण विसरतो: आल्यावर ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसले. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. पुढे पस्तीस-एक अध्याय ही वादावादी चालते, ईयोब देवाला कोर्टात खेचण्याची भाषा करतो, मित्र देवाची बाजू घेतात. आणि बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला, असं म्हणतो. देवाची वकिली करणारे चुकले आणि त्याच्याशी भांडणारा बरोबर ठरला. ईयोबाला त्याच्या दुःखाचं कारण मात्र शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. तुम्हालाही ते कदाचित कळणार नाही. मी ते सांगण्याचा आव आणणार नाही.

"विश्वास कमी पडतोय" या म्हणण्याला प्रेषित पौलाचं उदाहरण पुरेसं आहे. त्याच्या शरीरात काही काटा होता. तो काढावा म्हणून त्यानं तीनदा विनंती केली, तो निघाला नाही, आणि कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी होता असं त्या बहिणीला व्यासपीठावरून म्हणून दाखवायला सांगा.

इथपर्यंत जे म्हणालो त्यात मला खात्री आहे. पुढचं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुमची परिस्थिती मला चार ओळींतून दिसते तेवढीच माहीत आहे.

पहिलं, तुमची झोप आणि जेवण. तुम्ही लिहिलंय की रात्री दोनपर्यंत शिलाई मशीन चालवता आणि डायलिसिसच्या दिवशी पहाटे पाचला निघता. ताई, प्रार्थना न होणं हे थकवा असू शकतं. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू ठेवला, खा म्हणाला, झोपू दिलं, परत उठवून परत खाऊ घातलं. देवाशी बोलणं झालं ते त्यानंतर, चाळीस दिवसांनी. पण जर भूकच लागत नसेल, पहाटे उगीच जाग येत असेल, आपण नसतो तर बरं असा विचार येत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर आहेत. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अशा वेळी मदत घेतल्यानं देवावरचा भरवसा कमी होत नाही.

दुसरं, औषध. चांगलं वाटावं म्हणून कुणी एक डायलिसिस चुकवायला सांगितलं, "विश्वासानं पाऊल उचला" म्हणालं, तर ऐकू नका. एक डायलिसिस चुकलं की शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठतं, हृदय थांबू शकतं. मी असा एक अंत्यविधी चालवला आहे, तो दिवस मी विसरलेलो नाही. आजारी हिज्कीया राजाला देवानं स्वतः सांगितलं की तू बरा होशील, तरी यशया संदेष्ट्यानं अंजिरांचा लेप करून गळवावर बांधायला लावला. अभिवचन होतं आणि लेपही होता. तसंच कुणी अमुक रकमेचं अर्पण टाका म्हणजे चमत्कार होईल म्हणालं तर पर्स बंद ठेवा. देव विकत मिळत नाही.

तिसरं, पैसा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, तुमच्या हॉस्पिटलात ती योजना आहे का ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या हॉस्पिटलांना कायद्यानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. किडनी प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव लागलंय का, नसेल तर का नाही, हे किडनीच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पाळकानं हे सांगावं का असं काही जणांना वाटेल. मी अठरा वर्षं वॉर्डात पाहिलंय, एका सहीनं कधीकधी घरातली निम्मी निराशा जाते.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत तरी इतर वाचणाऱ्या बहिणींसाठी लिहितो. दुःख जर कुणाच्या हातून येत असेल, नवऱ्याच्या मारहाणीतून, सासरच्या छळातून, तर "सहन कर, हाच तुझा वधस्तंभ" हे उत्तर चुकीचं आहे. तिथं निष्ठा म्हणजे सुरक्षित जागी जाणं. मी इथं आजार, मरण, नोकरी जाणं अशा संकटांबद्दलच बोलतोय.

आता मूळ मुद्द्यावर येतो. प्रार्थना होत नसताना निष्ठावंत राहायचं कसं? हे मी पुस्तकातून सांगू शकणार नाही.

माझी पत्नी अकरा महिने कॅन्सरनं आजारी होती आणि मी जिथं इतरांच्या खाटांशी प्रार्थना करत असे त्याच हॉस्पिटलात वारली. दोन आठवड्यांनी मी उपासना चालवायला उभा राहिलो. प्रभूची प्रार्थना सुरू केली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या", आणि "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथं माझा आवाज बंद पडला. शब्द आठवत होते. मला ते म्हणायचे नव्हते. समोर साठ-सत्तर माणसं, पंख्याचा आवाज, आणि मी व्यासपीठाची कड धरून उभा. मंडळी थांबली नाही. पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या बायकांनी ते वाक्य म्हटलं, रोजच्या भाकरीपर्यंत पोचल्या, आमेनपर्यंत गेल्या. त्या दिवशी माझी प्रार्थना त्यांनी केली.

मंडळीचा कारभार पाहणारे एक वडीलधारे सभासद, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, त्यानंतर दर मंगळवारी संध्याकाळी यायला लागले. अंगणातली लोखंडी खुर्ची ओढायचे, नाकावरून घसरणारा चष्मा सावरत एक स्तोत्र वाचायचे, चहा प्यायचे आणि जायचे. कसे आहात असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी चार महिने फक्त आमेन म्हणत होतो, काही मंगळवारी तेही नाही. पाचव्या महिन्यात कधीतरी स्तोत्राची दुसरी ओळ मी वाचली. असं काही ठरलं नव्हतं, पुस्तक माझ्या बाजूला होतं म्हणून वाचली.

खूप नंतर मला शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातली एक गोष्ट नीट दिसली. इस्राएल लोकांची अमालेकी टोळीशी लढाई चालली आहे, मोशेचे हात वर असले की इस्राएलाची सरशी होते, खाली आले की अमालेक्यांची. मोशे म्हातारा, त्याचे हात भरून येतात. मग त्याचा भाऊ अहरोन आणि सोबती हूर त्याला धोंड्यावर बसवतात, एक या बाजूनं आणि एक त्या बाजूनं हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहतात. इथं "स्थिर" यासाठी हिब्रूत एमुना हा शब्द आहे. शास्त्रात दुसरीकडे निष्ठा, विश्वासूपणा, विश्वास असं ज्याचं भाषांतर होतं तोच. मोशेची एमुना अहरोन आणि हूर यांच्या तळहातांवर टेकलेली होती. हे वाचलं तेव्हा मला ती लोखंडी खुर्ची आठवली.

म्हणून माझा तुम्हाला पहिला सल्ला: दोन माणसं शोधा. ती बहीण सोडून. बोलघेवडी नकोत, उपाय सांगणारी नकोत. त्यांना साफ सांगा, मला सध्या प्रार्थना येत नाही, तुम्ही माझ्याजवळ बसून करा. मंडळीत अशी माणसं असतात, बहुतेक वेळा मागच्या बाकावर. सापडत नसतील तर तुमच्या पाळकांना मागा, आणि त्यांनी टाळलं तर शेजारच्या मंडळीत विचारायला लाजू नका.

आशेबद्दल. आपल्याकडे साक्ष म्हणजे शेवट गोड झालेली गोष्ट असा समज झालाय. आजार होता, प्रार्थना केली, रिपोर्ट नॉर्मल आला, हालेलुया. अशा साक्षी खऱ्या असतात आणि त्यांचा मला आनंदच होतो. पण ज्यांचा रिपोर्ट नॉर्मल येत नाही ती माणसं मग मागं सरकत सरकत दारातून बाहेर जातात. पंडिता रमाबाईंचीच गोष्ट घ्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे दुष्काळात शेकडो मुली त्यांनी केडगावला आणून वाचवल्या. आपण गोष्ट इथं थांबवतो. पण जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्या हाती केडगावच्या मुक्ती मिशनचं काम जायचं होतं, ती चाळिशीत गेली. रमाबाई तेव्हा शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या. ते त्यांनी सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्याही गेल्या. अडतीस वर्षं ख्रिस्ताच्या मागं चालल्यावर पदरात हे आलं. रमाबाईंचा विश्वास कमी पडला असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

शास्त्रातलं विलापगीत हे पुस्तक मी अशा घरांत फार वापरतो. यरुशलेम जळून गेल्यावरची पाच रडगाणी आहेत. "त्याची करुणा रोज सकाळी नवी होते" हे जे आपण कॅलेंडरवर छापतो, ते याच पुस्तकातलं आहे, तिसऱ्या अध्यायातलं, म्हणजे बरोबर मधलं. पुढे पुन्हा दोन अध्याय रडणं आहे आणि शेवटच्या वचनात, तू आम्हाला अगदी टाकूनच दिलंस का, असा सवाल आहे. आशा त्यात मध्येच आली आणि दुःख संपलं नाही. मला हे फार खरं वाटतं, कारण वॉर्डात मी ती अशीच येताना पाहिली आहे: मंगळवारी दुपारी पाच मिनिटं, कुणाच्या तरी हसण्यात, आणि बुधवारी पुन्हा काही नाही. तुम्हाला कधीतरी अशी पाच मिनिटं मिळाली असतील आणि दुसऱ्या दिवशी राग परत आला म्हणून ती खोटी होती असं तुम्ही ठरवलं असेल. ती खोटी नव्हती.

हिब्रूत आशेला तिकवा म्हणतात आणि दोरीलाही तिकवा म्हणतात. यरीहो शहर पडेल तेव्हा आपलं घर वाचावं म्हणून तिथल्या राहाब नावाच्या बाईनं खिडकीला जी किरमिजी दोरी बांधली तिथं हाच शब्द आहे. दोरी बांधली त्या दिवशी काही झालं नाही, वेढा पडायचा होता, भिंती उभ्या होत्या. तिनं गाठ मारली आणि घरातली कामं केली असतील. यजमान बरे होतीलच असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. ख्रिस्ती माणसाची शेवटची आशा पुनरुत्थानाची आहे आणि ती मी पत्नीच्या कबरेपाशी उभा राहून धरली आहे, पण ती सांगून मी तुमची आजची वेदना झाकणार नाही. आज गाठ मारायची तेवढी मारायची.

म्हणजे प्रत्यक्षात काय? डायलिसिसच्या दिवशी, मशीन लावून झालं आणि सिस्टर गेल्या की, यजमानांच्या शेजारी बसून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्यानं वाचा. त्यांना विचारून वाचा, त्यांचाही राग असेल आणि तुमच्यासमोर ते तो गिळत असतील. दुसरं काही जोडू नका, शेवटी "तरी पण" म्हणू नका. ज्या दिवशी वाचणं होणार नाही त्या दिवशी हात धरून बसा. रविवारी उपासनेला जा, गाणं म्हणवत नसेल तर उपासना संगीत हे गीतांचं पुस्तक उघडून नुसतं हातात धरा, शेजारचे म्हणतील. आणि रात्री दोनऐवजी बाराला शिलाई मशीन बंद करा. एक ब्लाउज उद्या होईल.

राहिला तुमचा मुलगा. दहा वर्षांच्या मुलाला मोठी माणसं खोटं बोलतायत हे लगेच कळतं, म्हणून "देव लवकरच बरं करणार" असं वचन तुमच्याकडून देऊ नका. तो पुन्हा विचारेल तेव्हा त्याला जवळ घ्या आणि सांगा, मला माहीत नाही बाळा, मीसुद्धा देवाला हेच विचारतेय. मग त्यालाच विचारा, आपण दोघं मिळून विचारू या का? त्याला त्याच्या शब्दांत विचारू द्या, चिडून विचारलं तरी थांबवू नका. तुमच्या महिन्याभराच्या खंडानंतरची पहिली प्रार्थना त्यानं केली तर तुम्ही नुसतं आमेन म्हणा.